दप्तर जसेच्या तसे

चि. टिल्लू यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल सोमवारी पोचलं. आत निघालेल्या वस्तू: लोकरी शाल एक, गुडघ्याचं तेल बाटल्या दोन (पैकी एक गळकी, त्यामुळे तेल शालीला पोचलं, गुडघ्याला पोचायचं आहे) आणि तुझ्या इतिहास मार्गदर्शकाची नवी आवृत्ती एक. तिकिटं कमी लावल्यामुळे पोस्टमनला वर अठरा मोजले. शाल झकास आहे, पण एवढी भारी घ्यायचं काही कारण नव्हतं. किमतीची चिठ्ठी तू फाडलीस, तरी दुकान कोणतं ते पिशवीवर छापलेलं होतं, त्यावरून मी अंदाज बांधला आणि थोडा वेळ बसून राहिले.

तुझी तब्येत कशी आहे? माझ्या भावजयीचा खोकला गेला का? एकसष्टीतल्या माणसाला टिल्लू म्हणते म्हणून रागावू नकोस. बाहेर सगळे तुला सर म्हणतात, एका माणसाने नाही म्हटलं तर बिघडत नाही. देवाच्या कृपेने इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे गुरुवारी दुपारी तीनपर्यंत होतं.

झालं असं की, मी रोज सकाळची पूजा आटोपली की सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचायला जाते (घरी पेपर घेणं बंद केलं, बातम्या त्याच असतात आणि तिथे पंखा त्यांचा असतो). तिथल्या फळ्यावर सूचना लागली: "इतिहासाच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी जुनी दप्तरे हवी आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती जशीच्या तशी, आतले काहीही न काढता, आणून द्यावीत." मी दोनदा वाचली. म्हटलं, गरीब मुलं असतील, दप्तरावाचून अडली असतील. आणि तुझं दप्तर माळ्यावरच्या ट्रंकेत होतंच. नवीन मिळालं त्या दिवशी तू ते भिरकावलंस, मी उचलून ठेवलं. पट्टे शाबूत, बंद लागतो, टाकायचं कशाला? न काढता आणा म्हणाले म्हणून मी आत बघितलंसुद्धा नाही. फक्त वरून ओल्या फडक्याने पुसलं आणि गुरुवारी सकाळी गेले.

रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ लाल कापडात बांधलेले कागद घेऊन उभे होते, मागे एक निवृत्त मोजणीदार नकाशांची वळकटी घेऊन. माझी पाळी आली तशी मी दप्तर टेबलावर ठेवलं. ग्रंथपाल बाईंनी दप्तराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा दप्तराकडे.

"आजी, हे काय?"

"दप्तर. बंद जरा जोरात ओढावा लागतो."

मोजणीदार असे हसले की त्यांची वळकटी सुटली. इतिहासवाल्यांच्या भाषेत दप्तर म्हणजे जुने कागदपत्र, हे बत्तीस वर्षं इतिहास शिकवून तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मी दप्तर काखेत मारून निघाले होते, पण शाळेचे इतिहासाचे सर तिथे होते (अंगाने काडी, आवाज मात्र पिंपात बोलल्यासारखा), ते आडवे आले. म्हणाले, "थांबा हो आजी. दोनशे वर्षांचा कागद मी चाळीस पोरांच्या हातात देऊ शकत नाही, हे देऊ शकतो." बाईंनी लगेच नोंदवही पुढे केली, मी देणगीदार म्हणून सही केली, दप्तराला एकशे चौदा नंबर मिळाला.

दर गुरुवारी वाचनालय आपली मागची खोली ह्या सरांच्या वर्गाला देतं. लांब टेबलं, दहा भिंगं, सरांना हवी ती पुस्तकं बाई आधीच काढून ठेवतात, आणि पैसा घेत नाहीत. त्या दुपारी मलाही मागच्या बाकावर बसवलं. खेळ असा की मुलांनी वस्तू बघून माणूस ओळखायचा, पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही. पट्ट्याचं टोक चावलेलं निघालं. मुलांनी लिहिलं, घरी कुत्रा असावा. (कुत्रा नव्हता. तू होतास.) पेन्सिली दोन्ही टोकांनी तासलेल्या, त्यावरून घर काटकसरीचं, हे बरोबर आलं. मी खुशीत मान डोलावत होते. मग सरांनी आतल्या कप्प्यात हात घातला आणि मला एकदम आठवलं तिथे काय आहे.

सहामाहीची इतिहासाची उत्तरपत्रिका. पन्नासपैकी सात. नाव लिहायला तू विसरला होतास, फक्त हजेरी क्रमांक एकवीस. खाली लाल शाईत शेरा, सरांनी पिंपातल्या आवाजात वाचला: "साल चुकले, राजा चुकला, लढाई कोणी जिंकली तेही चुकले. अक्षर बरे." वर्ग लोळला. त्याच कप्प्यात वडिलांनी लिहिलेली रजेची चिठ्ठीही होती, जी तू कधी दिलीच नाहीस (तीतही तुझं नाव नाही, नुसतं 'माझा मुलगा'). दोन्ही कागद भिंगाखाली फिरले. तिसऱ्या टेबलावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

"सर, ह्या मुलाला दोन बाबा होते."

चिठ्ठीवरची सही साधी, आणि उत्तरपत्रिकेवर पालकांच्या सहीखाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ग्रंथपाल बाई उठल्या आणि नोंदवही घेऊन आल्या. सकाळची माझी सही. एक रेघ, दोन टिंबं. एकोणपन्नास वर्षं लपलेलं पाप तेरा वर्षांच्या पोरांनी वीस मिनिटांत काढलं, आणि चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

मग सांगितलं. दप्तर माझ्या धाकट्या भावाचं. वडील म्हणाले होते, यंदा इतिहासात गेलास तर शाळा बंद, सुतारखान्यात बसायचं. तू जिन्याखाली बसून रडत होतास, मी नुकती मॅट्रिक झालेली, अंगात अक्कल कमी आणि धीर जास्त. सही ठोकली. ते खोटंच होतं, तुम्ही करू नका, हेही बजावलं (सरांनी डोळे मोठे केले म्हणून). मग वर्षभर रोज तुला ह्याच वाचनालयात आणून बसवायचे, तेव्हा त्याच्या दोनच खोल्या होत्या. पुस्तक विकत घ्यायची ऐपत कुठे होती! तेव्हाचे ग्रंथपाल कुलूप लावण्याआधी दोनदा खोकत. पहिला खोकला म्हणजे अजून एक धडा वाचून घ्या.

मुलांनी विचारलं, पुढे त्या एकवीस नंबरचं काय झालं? एकजण म्हणाला सुतार. एकजण म्हणाला पुढारी. ती वेण्यांची मुलगी मात्र कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "काही झालं नसेल. मला सहा पडलेत."

टिल्लू, तिच्या कोपराखाली तुझं मार्गदर्शक होतं. मागच्या बाजूला तुझा कोटातला फोटो, तिच्या बोटांवरची शाई तुझ्या कपाळाला लागलेली. आणि मी तोंड उघडू शकत नव्हते, कारण त्या जिन्याखाली तू मला देवाची शपथ घातली होतीस, की ह्या सातांना जोडून तुझं नाव कुणापुढे म्हणून घ्यायचं नाही. भावजयीलाही तू पैकीच्या पैकीच सांगितलेत, मी आजवर ऐकून घेतलं. देवाची शपथ मी मोडत नाही. म्हणाले, विचारून सांगते.

बाकी सर्व ठीक. तेल दिवसातून दोनदा लावायचं की एकदा, ते बाटलीवर लिहिलेलं नाही. एकदाच लावते, पुरेल.

तुझी
ताई

ता.क. सोबत वाचनालयाचा छापील कागद आहे. सरांना हे दप्तर भिंगांसकट पेटीत घालून इतर शाळांनाही पाठवायचं आहे, पण बाई नियमाच्या कडक, मूळ मालकाची संमती हवीच. नको असेल तर तसं लिही. दप्तर परत माळ्यावर ठेवीन, तुला कधी बोलून दाखवणार नाही.

ता.क. दुसरा. कागद टपालाने आला तरी चालेल, असं बाई म्हणतात. मला चालणार नाही. तू स्वतः ये आणि तिसऱ्या टेबलाशी जाऊन सांग, सात माझे. शपथ तू घातलीस, तूच सोडव. तुला लाज वाटेल हे मला कळतं. दोन मिनिटं वाटेल, मग ती पोरगी तुला प्रश्न विचारायला लागेल आणि लाजायला सवड मिळणार नाही.

ता.क. तिसरा. एकवीस नंबर येत्या गुरुवारी तीन वाजता येतोय, असं मी सरांना कालच सांगून टाकलं. नाव सांगितलेलं नाही, तेव्हा शपथ शाबूत आहे. कोणत्या गाडीने येतोस ते उलट टपाली कळव. येणार नसशील तर पोस्टकार्ड वाया घालवू नकोस.