आईच्या बोटातली मोठी अंगठी

४ फेब्रुवारी
विकायची म्हटलं, पण कशी? आई म्हणते, "दुकानात जायचं, दाखवायची, पैसे घ्यायचे." इतकं सोपं असतं का! आईने आयुष्यभर बाईंकडे भांडी घासली. आमच्याकडे हिऱ्याच्या दोन अंगठ्या कुठून आल्या, असं कोणीही विचारेल. बाईंनी वारण्याआधी स्वतःच्या हाताने दिल्या — पण पावती नाही, साक्षीदार नाही.

कॉलेजची फी भरायची तर दुसरा मार्गही नाही. आमच्या घरातून ती पायरी चढलेली मीच पहिली. मोठी विकू, छोटी राहू दे, असं आईचं ठरलंय.

६ फेब्रुवारी
आई आणि मी सराफकाकांकडे गेलो. त्यांनी काही विचारायच्या आतच मी सगळं ओकून टाकलं. बाई, भांडी, पावती नाही. ते म्हणाले, "पोरी, चोर एवढं बोलत नाही."

खडा कोंदणातून काढल्याशिवाय खरं वजन कळत नाही म्हणे. पण आधी आईला समोर बसवलं. "खडा मालकिणीच्या नजरेआड करायचा नाही, ही आमच्या दुकानाची रीत." मग भिंगातून पाहत म्हणाले, "वहिनी, ही घासता कशाने?"

"तारेच्या घासणीने. चमकायला नको?"

"हिरा ढिम्म आहे. त्याला धरणाऱ्या सोन्याच्या नख्या मात्र पार झिजल्यात. आणखी थोडं घासलं असतं तर मोरीत गेला असता."

आई ओशाळली. मग म्हणाली, "मोरीही मीच घासते. सापडला असता."

काका इतके हसले की भिंग खाली पडलं.

छोटीही पाहिली. खडा लहान, पण निर्मळ. किंमत मोठीपेक्षा फार कमी नाही. दोन्हींच्या नख्या नव्या करून देणार आहेत. वर बजावलं, "माझ्यावर विसंबू नका. आणखी दोन दुकानांत विचारा."

७ फेब्रुवारी
विचारलं. एकाने खडा न काढताच निम्मी किंमत सांगितली. दुसऱ्याने आईच्या चपलांकडे पाहिलं.

९ फेब्रुवारी
काकांनी मोठीला गिऱ्हाईक शोधलं. पण मीच अडून बसले. बाईंच्या लेकीला न सांगता विकायची?

आई तडकली. "दिलेली वस्तू विचारून विकतात का? शिकून शहाणी झालीस!"

काकाही चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मनाला टोचतंय ना? आधी तो काटा काढ. गिऱ्हाईक थांबेल."

त्यांचे उपकार कुठल्या जन्मी फेडू?

१२ फेब्रुवारी
आज बाईंच्या लेकीला फोन लागला. म्हणाल्या, "मोठी तुझ्या आईची. तिला दागिना म्हणून कधी काही मिळालं नाही, म्हणून दिली. छोटी तुझ्या शिक्षणासाठी. माझ्या आईने देताना सांगितलं नाही?"

तशीच आईला घेऊन दुकानात गेले. काकांना म्हटलं, "मोठी आईच्या बोटात घाला. छोटी विका. ती माझी आहे."