दारची

८ जून १९३६, खासबाग
पुण्याहून शब्दकोशाची यंदाची पुरवणी आली. चहा तसाच ठेवून आधी 'द' उघडला. मी पाठवलेला शब्द, दारची, नाही. हे तिसरं वर्ष. बोलपट, लाउडस्पीकर ऐटीत आत जाऊन बसलेत, कालचे पाहुणे!
सोबत संपादकांचं कार्ड: 'प्रयोग एकाच घरातला दिसतो. बाहेरचा साक्षीदार मिळाल्यास कळवावे.'
खोटं नाही. माझं नाव तुळशीराम. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग तुळशीचं तरी कसं घेणार? ही लग्न होऊन आली त्याच आठवड्यात अंगणातल्या तुळशीची दारची झाली. "अवो, दारचीला पाणी घातलंसा?" ही जाऊन चार वर्षं झाली. अजून ऐकू येतं.

१४ जून
उचगाव. हिच्या माहेरी गेलतो. सासूबाईंना विचारलं. हसल्या. "आमी तुळसच म्हंतो की जावईबापू! आमचं काय अडलंय?"
खरंच, त्यांचं काय अडलंय. हिनं माझं नाव एकदाच घेतलं, लग्नात, बायकांनी उंबऱ्यावर अडवून उखाणा घ्यायला लावला तेव्हा. वाजंत्री जोरात. मला ऐकूच आलं नाही.

२ डिसें.
आमच्या मुलाचं, वसंताचं, लग्न ठरलं. मुलगी निपाणीची, तंबाखूवाल्यांची. सून सासऱ्याचंही नाव घेत नाही. म्हणजे साक्षीदार घरात येतोय, तोही निपाणीचा! शेजारच्या आक्का म्हणाल्या, "मास्तर, सून आणतायसा का शब्द?"
आपण शिकवायचं नाही. वसंता लहानपणापासून दारचीच म्हणतो, तिच्या कानावर पडेल.

११ मार्च १९३७
सून येऊन आठवडा झाला. तुळशीचा विषय निघाला की नुसतं बोट दाखवते. मी वर्तमानपत्राआड कान टवकारून. पान उलटायचंही विसरतो.

१२ मार्च
सकाळी अंगणातून रिकामी कळशी घेऊन आत आली. बोलायला गेली, मला बघून अडली. मग हळूच, "मामंजी, आत्तींना पाणी घातलंय."
आत्ती म्हणजे तिची सासू. हिला तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. आत्ताचं झाड आईनं लावलंय, एवढं वसंतानं सांगितलं असेल.
"बरं केलंस बाळ," म्हणालो आणि उठून परसात गेलो. फार आठवण आली.
दारचीला साक्षीदार मिळाला नाही. पुण्याचं कार्ड पुढ्यात घेऊन बसलोय. काय कळवू? उद्या सकाळी ती काय म्हणते ते ऐकू, मग