पायांची आग थांबली

४ फेब्रुवारी
आज आलं : नखाला लावायचं औषध, बोटाएवढी बाटली – ४२०! पांढरे मोजे, दोन जोड – १६०. एका अंगठ्याचे एवढे लाड!
डाव्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालंय, कडेनं भुगा पडतो. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे. साखर आहे, हयगय करू नका, वर्षभर लावावं लागेल. हे म्हणाले, "नख आहे की शिंपला?" मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

९ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीला पत्र टाकलं. तिला ऐकू कमी येतं, फोनवर नुसतं "काय? काय?" होतं – म्हणून आमचं सगळं पत्रावर. तिलाही साखर, तिच्याही तळपायांची आग होते. तिला लिहिलं – माझी दोन वर्षांची आग नामजपानं थांबली. ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसायची, आता फडकंही लागत नाही. आगीच्या गोळ्या मी बंद केल्या. तूही जप धर. देव ऐकतो.

१३ फेब्रुवारी
औषध लावलं. जप झाला.

२१ फेब्रुवारी
डाव्या मोज्याच्या टोकाला तांबडा डाग. कुठे काय सांडलं म्हणून धुवायला टाकला. ह्यांनी उचलून पाहिला. "अगं, हे रक्त आहे!" नख कडेनं उचललं गेलंय, खाली ओलं. दुखत काहीच नाही. म्हटलं, मग एवढं काय!

२२ फेब्रुवारी
हे ओढूनच दवाखान्यात घेऊन गेले. नर्सबाईंनी पाय मांडीवर घेतला. मलाच ओशाळं झालं. "काकू, डोळे मिटा. दोरा टेकला की 'हो' म्हणा."
मिटून बसले. बऱ्याच वेळानं म्हटलं, "अहो, करा ना सुरू!"
"दहा ठिकाणी टेकवून झाला, काकू."
ह्यांनी मान खाली घातली होती.
मग नर्सबाईंनी समजावलं. आग थांबली ती पाय बरे झाले म्हणून नाही – पायांना कळेनासं झालं म्हणून. जाड नखानं खाली जखम केली, ती पत्ताच लागू न देता वाढली. "मोजे पांढरे का सांगितले? तुम्हाला कळलं नाही तरी त्यांच्यावर दिसावं म्हणून."
घरी आले, कपडे वाळत घातले. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

२५ फेब्रुवारी
एक्सरे आला. हाडापर्यंत गेलंय. परवा अंगठा काढणार. डॉक्टर म्हणाले, "अंगठ्यावर भागलं तर नशीब."
जपाला बसले. काय मागायचं ते सुचेना. तशीच उठले.

२६ फेब्रुवारी
धाकटीचं पत्र. "ताई, तुझा शब्द खरा ठरला! आठवडा झाला, आग पार गेली. गोळ्या सोडल्या. आता अनवाणी हिंडते, खडासुद्धा टोचत नाही!"
लगेच लिहिलं, ह्यांना टपालात टाकायला पिटाळलं. इथे उतरून ठेवते –
"मी लिहिलं ते चुकलं. चप्पल घाल. उजेडात बसून दोन्ही पाय बघ – नखं, टाचा, बोटांच्या बेचक्या. तळवे दिसत नसतील तर आरसा धर. दुखत नाही म्हणून थांबू नकोस, आजच्या आज दवाखान्यात जा. आणि काय दिसलं ते उलट टपाली कळव."