गोदाबाईंच्या हिरड्या

३ जून
कर्वेनगरच्या दातांच्या दवाखान्यात आज पहिला दिवस. पाटीवर अनिरुद्ध सरांच्या खाली माझं नाव आलं. बाबांना लगेच फोटो पाठवला. खिडकीत जास्वंद, नवी खुर्ची, आणि दुपारी एक ते चार कडकडीत बंद! फळीवर सरांनी घरी कुटलेल्या मंजनाच्या बाटल्या. झाकण उघडलं की दालचिनीचा घमघमाट. फार आवडला.

६ जून
सरांच्या जुन्या पेशंट गोदाबाई आल्या, मूळच्या वाशीमच्या. इथे मुलांच्या मेसमध्ये पोळ्या करतात. हिरड्या मखमलीसारख्या लालभडक, नुसतं बोट टेकवलं तरी रक्त. मिशरी लावता ना, मी विचारलं. "चैत्रातच सोडली जी," म्हणाल्या. सगळ्या असंच सांगतात, मी हसून म्हटलं. जुनी फाइल न उघडताच मंजनाची बाटली दिली. दिवसातून तीनदा चोळायला सांगितलं.

१४ जून
सूज वाढली. ओठांवरही आली. बाटली नुसती कपाटात ठेवून दात स्वच्छ होत नाहीत, असं मी सुनावलं. त्यांनी मान खाली घातली. "आता पाचदा लावतो जी."

२१ जून
आवाज घोगरा झालाय. रक्ताच्या तपासण्या ठीक. हिरडीचा तुकडा तपासायला पाठवला. सुई टोचली मी, आणि हात त्यांनी जोडले. माह्यंच काही चुकलं असन, म्हणाल्या.

२६ जून
रिपोर्ट आला. जंतू नाहीत, कर्करोग नाही. हिरड्यांची अ‍ॅलर्जी, क्वचितच दिसणारी. उपचार एकच: कारण शोधून बंद करायचं.
तेव्हा जुनी फाइल उघडली. मिशरी सोडली म्हणून एप्रिलमध्ये सरांनी दिलेलं— हेच दालचिनीचं मंजन.
गोदाबाईंना फोन लावला, तो मेसवाल्यानं उचलला. काल घसा सुजला, श्वास कोंडला, गेल्या. काल सकाळीसुद्धा मंजन चोळत होत्या. मॅडमनी सांगितलंय म्हणून.

२८ जून
सर म्हणाले, फाइलमध्ये मंजनाची नोंद नको. पान फाडलं. मी. माझ्या हातानं.

१ जुलै
दुपारचे दोन. दार बंद, मी एकटी. बेसिनपाशी आवाज— दातांवर बोट घासल्याचा. मन लावून. जाऊन पाहिलं. कुणी नाही. बेसिन लाल.

३ जुलै
आज दोघा पेशंटनी मंजनाच्या बाटल्या नेल्या. मीच पिशवीत घालून दिल्या.
आरशात माझ्या हिरड्या— मखमल. मी तर ते कधी लावलं नाही. मग बोटाला दालचिनीचा वास कसा—

४ जुलै
गोदाबाई खुर्चीत बसल्यात. हात जोडून. माझं उजवं बोट तोंडात, थांबत नाही— डाव्या हातानं लिहितेय— फाडलेलं पान पुन्हा लिहिते, गोदाबाई, सगळं— घसा— तुमचं काही चुकलं नव्हतं. मंजनात दाल