खालच्या गल्लीचं उत्तर

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. नागपंचमी.

आमटीवरून मार खाल्ला! तोही भर फेरात, सगळ्या गावादेखत.

जिंकलो आम्हीच, ते वेगळं. उद्या खालच्या गल्लीच्या बाया लाह्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन गात गात आमच्या वरच्या गल्लीत येतील. हरणाऱ्यांचा तो रिवाज. पण घरी येऊन वही उघडली ती आनंदानं. वीस वर्षं मी ह्या गावात कडवी जोडते. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट बोचकारलं.

मारुतीच्या पारापुढं दोन फेर होते, नेहमीसारखे. इकडं आम्ही, तिकडं त्या. त्यांनी टोमण्याचं कडवं टाकायचं, आम्ही एक वेढा पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचं. वेढा रिकामा गेला की हरलात. तासभर त्यांचं तेच ते चाललं होतं, वरच्या गल्लीच्या म्हशी अन् वरच्या गल्लीच्या सासवा. मी पायानं ठेका धरून मनात उद्याच्या शाळेचा विचार करत होते. तेवढ्यात त्यांच्या फेरातल्या कडूबाईनं तोंड उघडलं. कडूबाईचा आवाज म्हणजे ग्रामपंचायतीनं भोंगा घ्यायची गरज नाही.

मास्तरणीची आमटी बाई, लय गुणाची गं
मिठाचा तास बुडाला, हजेरी पाण्याची गं

माझ्या फेरातल्या बायासुद्धा हसल्या. धुरपताबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत, आमच्या फेराच्या म्होरक्या, त्या तर वाकून हसल्या. मी कसंबसं उत्तर फेकलं. दुय्यम होतं. इथं लिहीतसुद्धा नाही.

मिठाचा तास बुडाला! काय सुचलंय.

१० ऑगस्ट

पाट्या आल्या. कडूबाईला बाजूला घेतलं.

"कडूबाई, कडवं कुणाचं?"

"माझंच की."

"तुझ्या बापजन्मात तुला 'हजेरी' सुचली नसती."

"का? रोजगार हमीवर हजेरी लागती माझी. तुमालाच लागती व्हय?"

बरोबर बोलली. तरी खोटं बोलली. माझ्या आमटीत मीठ कमी असतं हे माझ्या चुलीवरचं जेवलेल्यालाच माहीत. आणि तास, हजेरी हे माझे शब्द माझ्याकडं शिकलेल्यालाच. दोन्ही झालेली बाई गावात एकच. राजेश्री.

ही गोष्ट वहीत कधी सरळ लिहिली नाही. आज लिहिते.

राजेश्री माझी धाकटी जाऊ. माहेर गावातलंच, खालच्या गल्लीचं. पंचमीला लेक माहेरच्या फेरात उभी राहते, म्हणून वर्षभर माझ्यासोबत भाकरी थापणारी त्या एका दिवशी माझ्यासमोर असायची. लग्नात तिच्या घरच्यांनी बारावी पास सांगितलं होतं. ती दहावीलाच गणितात नापास झालेली. हे तिनं अख्ख्या घरात मला एकटीला सांगितलं. मी रविवारी दुपारी, सगळे झोपले की, तिला गणित शिकवायला लागले. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायचं ठरलं होतं. वर्गमुळापर्यंत आलो होतो.

पाच वर्षांपूर्वीच्या पंचमीला तिनं माझ्यावर एक कडवं टाकलं. साधंच होतं. वेढा संपत आला आणि मला काही सुचेना. तेव्हा तोंडातून हे गेलं —

बारावी पास नवरी म्हणून पत्रिका छापली गं
दहावीची गुणपत्रिका कोठीत झाकली गं

आम्ही जिंकलो. गाव लोटपोट हसलं. राजेश्री फेरातून हात सोडून घरी गेली. रिवाज असा की फेरातलं फेरात. बाहेर राग धरायचा नाही. तिनं धरलाही नाही. नुसती बोलायची बंद झाली. महिन्यात चूल वेगळी झाली, दोघं नवरा-बायको खालच्या गल्लीत राहायला गेले. गणिताचं पुस्तक माझ्या फडताळावर ठेवून गेली. फेरात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मी पाच वर्षं 'फेरातलं फेरात' ह्या दोन शब्दांमागं लपून बसलेय. आणि काल तिचं कडवं आलं!

१२ ऑगस्ट

आमच्या ह्यांना, गोविंदरावांना विचारलं, आमटीत मीठ कमी असतं का. "एकवीस वर्षं झाली," म्हणाले आणि पेपर वर केला.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी. ह्या वेळी मीठ मोजून घातलं.

धुरपताबाई जेवायला होत्या. त्यांना विचारलं, राजेश्रीनं उत्तर दिलं की नाही? म्हणजे मिटलं की नाही?

"कोण म्हनलं ते कडवं?"

"कडूबाई."

"मंग कशाचं उत्तर? जिचं नाव घेतलंस तिनं तिच्या तोंडानं म्हनावं लागतंय. उसन्या तोंडाचं चालत न्हाई." पानातला वरण-भात कालवत म्हणाल्या, "अन् हेमा, आज आमटी खारट झालीया."

११ ऑक्टोबर

नवरात्र. ह्या वर्षी आमच्या गावात दांडिया! कुणा भावी उमेदवाराच्या सौजन्यानं. साडीवर बूट घातलेल्या बाया, भिंतीएवढे स्पीकरचे डबे, आणि गुजरातीत काय म्हणतायत हे ना नाचणाऱ्यांना ठाऊक, ना वाजवणाऱ्याला. उमेदवार स्वतः दोन टिपऱ्या घेऊन उतरला आणि पहिल्या फेरीत स्वतःच्याच चुलत्याचा चष्मा फोडला. लोकशाहीवरचा विश्वास वाढला.

खरी मजा देवळामागं. आराधी बायांचा मेळा, गळ्यात कवड्यांच्या माळा, संबळावर म्हातारा मुंजाजी. त्याची बोटं वाकडी झालीत, पण कातड्याला लागली की सरळ होतात. कडूबाई मधे उभी राहून गात होती. मी दोन तास हलले नाही.

गाणं थांबल्यावर कडूबाईच्या कानात माझं कडवं सोडलं, राजेश्रीला पोचवायला. ती वैतागली.

"मी काय एसटी हाय का वं? तिकडचं इकडं, इकडचं तिकडं! दोघीची घरं दोनशे पावलांवर हायत. मुक्या हाव का?"

पण घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी उत्तर हजर. मी परत पाठवलं. अशी पाच गेली, पाच आली! तिनं माझ्या चष्म्याला सोडलं नाही, चालीला नाही, स्कूटीला तर नाहीच. मी तिच्या कोंबड्यांपर्यंत पोचले. शाळेत हजेरी घेताना मी एकटीच हसते. पोरं घाबरतात.

१४ जानेवारी २०२५. संक्रांत.

थंडी अशी की सुगडातली बोरंसुद्धा कुडकुडतायत. आज धीर केला. पाच बायांबरोबर राजेश्रीच्या दारात गेले वाण घेऊन. कुणी चाळण्या लुटतं, कुणी साबणाच्या वड्या. मी नवी कंपासपेटी नेली. मला ते फार सुंदर वाटलं होतं. आठवडाभर स्वतःच्या कल्पनेवर खूश होते.

सगळ्या बायांसमोर तिच्या ओटीत ठेवली.

ती पेटीकडं बघत राहिली. बायाही बघत राहिल्या. मग एकीला आठवलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं मी काय केलंय.

वाण परत करता येत नाही. राजेश्रीनं मला हळद-कुंकू लावलं, तिळगूळ दिला.

१५ जानेवारी

गाढव आहे मी. बी.एड. झालेलं.

२० जानेवारी

कडूबाई आली. राजेश्रीनं तेच वाण तिला लुटलं. कंपासपेटीत आता कडूबाईची मिसरी असते. मला उघडून दाखवली. "लय सोयीची हाय. सांडत न्हाई."

मग उभ्या उभ्या कडवं म्हणाली, नेहमीपेक्षा हळू.

वाणामध्ये आली बाई, कंपासपेटी गं
माफी मागाया आली, छडी लपवून पाठी गं

मी खाली बसले. कडूबाई म्हणाली, "लागलं व्हय?"

लागलं. आणि त्याच वेळी — हे फक्त इथंच — वाटलं, हिच्यासारखं जोडणारं तालुक्यात कुणी नाही! छडी लपवून पाठी. पाच वर्षांत मला स्वतःबद्दल एवढं नेमकं सांगता आलेलं नाही.

३० मार्च. पाडवा.

गुढी उभी केली आणि सरळ तिच्या दारात गेले. वाण नाही, कडवं नाही, सोबत बाया नाहीत. ती अंगणात चिंचा फोडत होती.

"राजेश्री, चुकलं माझं."

तिनं मान वर केली नाही. "काय चुकलं?"

"पंचमीचं. तू विश्वासानं सांगितलं आणि मी फेरात —"

"फेरातलं फेरात, आक्का." चिंचोका टोपल्यात टाकला. "चार हजार मानसात म्हनलाव. आता दारात येऊन कानात माफी? तिथंच बोलू."

"म्हणजे येणार तू? फेरात?"

"ऊन लागायलंय. पानी घ्या अन् जावा."

आक्का म्हणाली! साडेपाच वर्षांनी. येताना स्कूटी तिथंच विसरून चालत आले. सारखी मागं वळून बघत होते, कुणी बघतंय का. सगळे बघत होते.

२६ जून

शेतात खुरपणी चालू झाली. कडूबाई सांगते, राजेश्री कापसाच्या ओळीत खुरपायला बसली की सारखी पुटपुटते. "मधीच खुरपं थांबतंय. मी म्हनलं काय झालं, तर म्हनती, जुळना."

जुळेना! म्हणजे मोठं काहीतरी रांधतेय माझ्यासाठी.

२० जुलै

दांडियावाले भावी उमेदवार आले. पंचमीचा फेर ह्या वर्षी स्टेजवर घेऊ म्हणाले, प्रत्येकीला दोन मिनिटं, पहिलीला पैठणी, परीक्षक परभणीचे. धुरपताबाईंनी विचारलं, "स्टेज गोल हाय का?" "नाही मावशी, चौकोनी." "मंग कोपऱ्यात गेलेली बाई कुटं जाईन?" उमेदवारांचा वेढा रिकामा गेला.

२४ जुलै

राजेश्री फेरात उतरणार ही बातमी आमच्या गल्लीत फुटली. परगावच्या लेकी दोन दिवस आधी येतायत. मानवतची गाडी पंचमीच्या गर्दीगत भरून आली. धुरपताबाईंनी मला पारावर बसवून बजावलं.

"हेमा, तुझ्यावर हाय सगळं. कडूबाईच्या दारात मी पाटी घिऊन गेले न्हाई अजून. ह्या वयात न्हिऊ नकू."

"नाही नेणार."

"ती तुला सोडनार न्हाई. तू बी सोडू नकू."

दोन वह्या भरल्यात. तिनं काहीही म्हणू दे.

२९ जुलै २०२५, मंगळवार. नागपंचमी.

ती आली. हिरवा चुडा, खोचलेला पदर, कडूबाईचा हात धरून. पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मुंजाजीनं संबळाऐवजी हलगी आणली होती, ती त्याच्या सुनेनं हिसकून घेतली — फेराला वाद्य नसतं, पावलंच.

तासभर दोन्हीकडून नुसता पाऊस! माझी चार कडवी गेली, तिकडून चार आली. घसे बसले. मग खालच्या फेराची पावलं संथ झाली आणि कडूबाई गप्प बसली. राजेश्रीनं तोंड उघडलं. आवाज बारीक आहे तिचा. सगळे गप्प झाले, म्हणून शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

दुपारी मला शिकवलं, सांजच्याला इकलं गं
माझं गणित कच्चं राह्यलं, तुमचं काय पिकलं गं

त्यांच्या फेरानं ते दोनदा म्हटलं. कुणी हसलं नाही.

आमचा वेढा सुरू झाला. धुरपताबाईंनी हात दाबला, मग कोपर मारलं, मग उघडच म्हणाल्या, "हेमा, बोल." माझा दुसरा हात धरलेली शेजारची सविता म्हणाली, "काकू, काहीबी म्हना, पन म्हना!" पाराचा कोपरा गेला, लिंब गेला, पुन्हा पार आला.

वेढा रिकामा गेला.

खालच्या गल्लीनं असा गिल्ला केला की कावळे उठले. धुरपताबाईंनी माझा हात झटकला. घरी गोविंदराव म्हणाले, "तुला? सुचलं नाही?" आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

३० जुलै

लाह्यांची पाटी घेऊन खालच्या गल्लीत गेलो. धुरपताबाई सगळ्यांत पुढं, रागानं दुप्पट मोठ्यानं गात. माझी पाटी राजेश्रीनं उतरून घेतली. "आक्का, सुचलं न्हाई म्हनं?" "नाही गं." तिनं मूठभर लाह्या माझ्या हातावर ठेवल्या. मग म्हणाली, "रविवारी येऊ का दुपारी?"

सुचलं होतं. लिंबाशी पोचायच्या आधीच. दोन्ही ओळी, यमकासकट. आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं कडवं; म्हटलं असतं तर ती पुन्हा कधी फेरात आली नसती.

इथंही लिहिणार नाही.