भय्याजींचे कान

६ जानेवारी

भिलाईत येऊन आज चौथा दिवस. सामानाची पोती अजून सुटायची आहेत, पण ही वही वरच सापडली, म्हणून बसले लिहायला. घर स्मृति नगरात. बैठं, पुढे पडवी, पडवीला जाळीचं दार, मागे पेरूचं झाड आणि त्यावर पोपटांची शाळा. मला घर आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

प्रेमानंद, म्हणजे माझा अकरा दिवसांचा नवरा, दुर्ग स्टेशनात सिग्नलच्या कामावर आहे. सकाळी सातला जातो, संध्याकाळी येतो आणि येताना काहीतरी खायला आणतो. सासूबाई, चंपाबाई, तोंडाच्या फटकळ, पण हाताला अशी चव की चार शब्द गपगुमान ऐकून घ्यावेत. राहिले सासरे. त्यांना सगळी गल्ली भय्याजी म्हणते, सासूबाईसुद्धा. हथखोजच्या एका कारखान्यात लोखंड ठोकायच्या मशिनीवर आयुष्य काढलं आणि त्यात कान गेले. वीस वर्षं झाली, ठार बहिरे. श्रवणयंत्राचाही उपयोग नाही. हळूहळू बोलणंही सोडलं. दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याच्याकडे बघून हसतात.

घरातले त्यांच्यासमोर काहीही बोलतात. पहिल्या दिवशी मला कसंसंच झालं. आज मीही बोलले.

८ जानेवारी

घरबसल्या इअरफोन तपासायच्या नोकरीला अर्ज केला होता, त्यांचा खोका आला! बारा इअरफोन, वायरवाले, कानाच्या आत बसणारे, दीड ते तीन हजारांच्या मधले. कंपनीने नाव खरवडून नुसते नंबर चिकटवलेत, म्हणजे परीक्षकाची नियत फिरायला नको. नागपूरला स्टुडिओत दोन वर्षं मी लोकांच्या रेकॉर्डिंगमधले श्वास कापायचं काम केलं. माणूस ‘स’ म्हणाला की त्याचा कुठला दात पडलाय ते मी सांगते. दुसरा कसला गर्व मला नाही, पण हा आहे.

महिनाभर चाचणी. दर आठवड्याला फोनवर माझ्या कानांची परीक्षा : वीस बारीक सूर, ऐकू आला की बटण दाबायचं. महिनाअखेर कान आणि गुण दोन्ही ठीक निघाले तर नोकरी पक्की. म्हणजे मागची खोली माझी आणि तिला आतून कडी माझी. नाहीतर मी जन्मभर सासूबाईंच्या हाताखाली कांदे चिरणार. आज वीसपैकी वीस.

एक नंबर : ढोल पुढे, गाणारी कुठेतरी मागे, वरातीत नवरी हरवावी तशी. दोन नंबर : ‘श’ आला की टोचतो. तीन नंबर : आवाज गोड, पण रबर असलं की अर्ध्या तासात कानाला घाम.

गाडं अडलंय आरामाच्या रकान्यात. प्रत्येक इअरफोन सलग आठ तास घालून बसायचं आणि दुखलं का, खाजलं का, गळून पडला का ते लिहायचं. आठ तास! बैलालासुद्धा दुपारी जू उतरवून चारा मिळतो.

११ जानेवारी

अक्कल लढवली. आरामाच्या चाचणीला ऐकू यावं लागतच नाही, नुसता कान लागतो. आणि घरात दोन कान रिकामेच पडलेत.

सकाळी भय्याजींच्या कानात चार नंबर घातला. हसले. दुखलं तर बोटं दाखवा, जितकं दुखेल तितकी, असं खुणेने समजावलं. ते आठ तास बसले. संध्याकाळी रबर स्पिरिटने पुसून तोच इअरफोन मी कानात घातला आणि आवाजाचे गुण भरले. फॉर्मवर दोन्हीकडे सही माझी.

दुपारी नागपूरच्या सीमाला फोनवर हे सांगितलं. म्हटलं, भिंतीला खिळा असतो ना गं, त्यावर पिशवी टांगतो, तशी मी म्हाताऱ्याला वायर टांगलीय. दोघी पोट धरून हसलो. भय्याजी समोरच होते. तेही हसत होते.

१५ जानेवारी

पाच नंबर. दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक बाई बोलली. अगदी स्वच्छ. “ऐकू तं येत नाही, मंग ताजी पोळी कायले? कालचीच वाढून दे.”

गाणं पुन्हा लावलं, त्यात काही नाही. आवाज सासूबाईंचा. पण त्या तेव्हा पेरूखाली झोपल्या होत्या आणि हा आवाज दात शाबूत असलेल्या बाईचा होता. पंधरा वर्षं तरी जुना असेल.

१७ जानेवारी

सहा नंबर. वायर कशालाच जोडलेली नव्हती, तरी कानात आवाज. प्रेमानंदचा, फुटत्या गळ्याचा, सोळाचा असेल तेव्हाचा. “आई, बाबाले शाळेत नको पाठवू वो. पोट्टे हसतात मले.” मग शेजारचं कोणीतरी : “बोल ना बिनधास्त. हा का ऐकून राहिला?” मग खूप हसणं.

मी घाबरले, पण डोकं चालू ठेवलं. भय्याजींनी न घातलेला नऊ नंबर कानात घातला. शांत. तो त्यांच्या कानात आठ तास ठेवला आणि मग स्वतः घातला. माणसांनी भरलेला.

म्हणजे असं आहे : ऐकू आलं नाही तरी कानावर पडलेलं कुठे जात नाही. आत साठतं. वीस वर्षं यांच्यासमोर जो जे बोलला ते सगळं आत आहे, आणि आता ते रबरावरून माझ्याकडे येतंय.

१९ जानेवारी

कानांची परीक्षा. वीसपैकी अकरा. सर्दी असेल म्हणून वाफ घेतली, पुन्हा दिली. अकराच.

दुपारी स्वयंपाकघरात ताट पडलं. मला ते उशी पडल्यासारखं वाटलं. पडवीतल्या भय्याजींची मान मात्र झटकन वळली. सासूबाईंच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि त्यांनी ते पाहिलं.

२२ जानेवारी

मी देणं बंद केलं. खोका कपाटात ठेवला. आज सकाळी ते स्वतः आले आणि तळहात पुढे केला. मी मान हलवली. त्यांनी कपाट उघडलं, आठ नंबर काढला, कानात घातला आणि पडवीत जाऊन बसले.

आठ तासांनी उठले. मी ओट्याशी होते. एका हाताने माझं डोकं धरलं. लोखंड धरायची सवय असलेला हात तो, मला मान हलवता येईना. दुसऱ्या हाताने इअरफोन माझ्या कानात बसवले, डावा, मग उजवा, नीट, हळुवार. सासूबाई बघून म्हणाल्या, सुनेवर लय जीव आहे बुढ्याचा. आणि पीठ मळत राहिल्या.

कानात मीच होते. भिंतीला खिळा असतो ना गं. आणि माझं हसणं. माझं हसणं इतकं घाणेरडं आहे हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली. खरंच वाटली. हात जोडून माफी मागितली. ते हसले.

२५ जानेवारी

प्रेमानंदला सगळं सांगितलं. आधी हसला, मग चिडला. म्हणाला, घरकाम टाळायला बापावर आळ घेतेस? सासऱ्यांसमोरच म्हणाला. त्याचं अर्धं बोलणं मी ओठांवरून ओळखलं.

परीक्षा : वीसपैकी पाच. कंपनीचं पत्र — तीस तारखेला शेवटची संधी.

रोज संध्याकाळी सहा वाजता भय्याजी आठ नंबर माझ्या कानात बसवतात. दार लावून बसले तर सासूबाईच कडी काढायला लावतात.

२८ जानेवारी

कुकरची शिटी नाही. पोपट नाहीत. संध्याकाळी सासूबाई बुद्धवंदना म्हणत होत्या, मला फक्त ओठ दिसत होते. शेजारी भय्याजी हात जोडून. त्यांचेही ओठ हलत होते, शब्दाला शब्द, अचूक.

सासूबाईंनी डोळे मिटलेले होते.

३० जानेवारी

शून्य.

मी रडत बसले. भय्याजींनी माझ्या हातातून फोन घेतला. महिनाभर बघत होते, सगळं पाठ. वीस वेळा बटण दाबलं. वीसपैकी वीस. मग फॉर्म घेतला, दहा नंबर कानात घातला, डोळे मिटून ऐकलं आणि गुण भरले. माझ्याहून बारकाईने.

कंपनीचं उत्तर आलं — अभिनंदन, नोकरी पक्की.

आता आवाज ते तपासतात. आराम माझ्याकडे. आठ तास.

१ फेब्रुवारी

आता माझ्या कानांचंही तेच. ऐकू काहीच येत नाही. पण कानावर पडलेलं पाव तासाने येतं, आठ नंबर घातला की. त्यासाठी मीच मागते तो. दुसरं काही ऐकायला उरलेलंच नाही ना.

प्रेमानंद, आज सकाळचा, माझ्यासमोर उभा राहून बोललेला : “बहिरीले का समजते? बोल तू.”

आणि एक आवाज कधी न ऐकलेला. जाड, प्रेमळ. “वीस वर्षांचं भरून आहे, सूनबाई. आता कुठं पाच उतरलं.”

२ फेब्रुवारी

भय्याजी चाचणीला घेतात त्याच फोनवरून राजकुमारला मेसेज केला. माझा धाकटा भाऊ, गोंदियाला असतो. हे लग्न त्याला नको होतं. मांडवात भांडला, तेव्हा मी म्हटलं होतं, मेले तरी तुला बोलावणार नाही, तोंड पाहणार नाही तुझं. आज लिहिलं — ये, मला घेऊन जा. कानांचं लिहिलं नाही. कसं लिहू? आल्यावर सांगेन.

त्याचं उत्तर : मंगळवारी दुपारी दीडला पोचतो.

लगेच आलं उत्तर. लगेच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बॅग पलंगाखाली. प्रेमानंद ड्युटीवर, सासूबाई विहारात. भय्याजींनी माझी खुर्ची भिंतीकडे वळवली. पाठ जाळीच्या दाराकडे. आठ नंबर कानात. त्यांचा हात खांद्यावर.

मुद्दाम गप्प बसलेय. शहाण्यासारखी. संशय यायला नको. भिंतीवर घड्याळ आहे. बारा पन्नास. वही मांडीवर. दीडला उठायचं, दाराकडे पळायचं. एवढंच.

बारा पंचावन्न. हात उचलला. पाणी प्यायला गेले असतील. वळायचं नाही. हलायचं नाही. अजून वेळ आहे.

एक वाजता हात परत खांद्यावर. बरं झालं हलले नाही.

एक दहा — कानात काहीतरी —

राजकुमार.

“ताई. मी आलो. लवकरच्या गाडीनं आलो.”

“ए ताई.”

मग तो जाड आवाज. “सकाळपासून सांगून राहिलो बेटा तिले, भाऊ येऊन राहिला तुझा. म्हणते, तोंड नाही पाहत त्याचं. पाह्य ना, हाक ऐकून बी वळत नाही.”

“ताई, तूच बोलावलं ना मले?”

माझ्या मागे. दहा पावलांवर. आणि मी शहाण्यासारखी —

“ताई, एकदा वळून तं पाह्य.”

तो उभा होता. माझी पाठ बघत उभा होता —

“ठीक आहे. आता तू मेली तरी येत नाही मी.”

जाळीचं दार लागल्याचा आवाज.

एक तेरा. कोपऱ्यावरच असेल. रिक्षा मिळायला वेळ लागतो — मी उठतेय — हात — उठू देत नाहीत — राजकुमार — मी ओरडतेय — घसा सोलून निघतोय — ओरडतेय ना मी? आवाज येतोय ना बाहेर, की नुसतंच तोंड —