सातव्या महिन्याच्या बांगड्या

अब्बा,

घरी आपण हिंदीत बोलायचो, पण सावली तालुक्याकडच्या गावांतलं काहीही मला मराठीतच आठवतं, म्हणून मराठीतच लिहिते. परवा त्या मोठ्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, गावातून एका शिक्षकाचा फोन आला. गावाचा इतिहास जमवतोय म्हणे. तलाव कुणी बांधला, देवळाचे दगड कुठून आले, मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, घर किती जुनं, सगळं बोलून झालं आणि शेवटी त्याने विचारलं, तुमचे वडील बांगड्या विकायला यायचे ना, त्यांना यातलं काही ठाऊक होतं का? मला हसूच आलं. तुम्हाला काय ठाऊक नव्हतं! फक्त तुमचा इतिहास मनगटांवरून चालायचा. देवळाचं विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं की पुजाऱ्याच्या तिन्ही सुनांचे हात एकाच मापाचे. तलावाचं विचारलं असतं तर म्हणाला असतात, पाळ बांधायला आलेल्या घराण्यातल्या बाया अजून लाखेच्या बांगड्या मागतात. कोण कुठल्या गावाहून सून म्हणून आली, कोण माहेरी परत आली, कोण आलीच नाही, हे तुम्हाला पाठ होतं.

अम्मीचे गुडघे गेल्यावर तिच्या जागी मी तुमच्याबरोबर फिरायला लागले, ती एकोणीसशे ऐंशीनंतरची वर्षं. मी अठरा-एकोणीसची, माझं लग्न ठरलेलं. पेटी माझ्या डोक्यावर, बांगड्यांच्या माळा तुमच्या खांद्यावर. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि धानाच्या बांध्यांमधून चालत गावात. रीत अशी, की पेटी पहिल्यांदा उघडायची ती मालगुजाराच्या सपरीत. सागवानाचे खांब, शेणाने सारवलेली लांबलचक जमीन, वर कवेलूचं छप्पर. मालकिणीचे हात भरले की मग बाकीच्या बाया यायच्या. बौद्ध मोहल्ल्यातल्या मात्र यायच्या नाहीत. पूर्वी त्यांना अंगणात ताटकळत उभं राहावं लागायचं. मग एकीने तुम्हाला रस्त्यातच अडवून सांगितलं होतं, "भाऊ, आमी तिथी उभ्या राहाले येत नाई. बांगड्या भराच्या असन तं आमच्या इथी या." तुम्ही गेलात. तेव्हापासून विहाराच्या ओट्यावर तुमची दुसरी बैठक. आणि बैठक कुठलीही असो, हात भरून झाले की बाई वाकून नमस्कार करायची, आणि तुम्ही, पाच वेळचे नमाजी, खुशाल म्हणायचात, "जोडा सुखी राहो." अम्मी त्यावरून तुम्हाला किती चिडवायची.

ती दिवाळीनंतरची फेरी. मालगुजाराची धाकटी मुलगी पहिलटकरीण आहे, हे तुम्हाला पोळ्याच्या वेळी कळलं होतं. बारशाच्या काळ्या बांगड्यांपासून लग्नाच्या चुड्यापर्यंत तिचे हात तुम्हीच भरलेले. चंद्रपूरच्या बाजारात जीव ओतून तुम्ही तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या निवडल्या होत्या, आणि गावात शिरल्यापासून नुसते ऐटीत चालत होतात. अंगणातूनच हाक दिलीत, "बाई, पोरगी कुठी आहे? सातव्याच्या बांगड्या आनल्या तिच्यासाठी!" तिची आई दाराशी आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "भाऊ, जावई गेले. हिवतापानं. तुमाले कोनी सांगतलं नाई काऊन?"

तुम्ही खांबाला टेकून बसलात. मी पेटी डोक्यावरून उतरवून बाजूला ठेवली. तेवढ्यात ती स्वतःच आतून आली. पोट पुढे आलेलं, हात रिकामे. तुमच्यासमोर बसली आणि हात पुढे केला. "भरा भाऊ. माह्यासाठीच आनल्या ना?"

घरचा कारभार बघणारा तिचा काका उठला. "पोरी, आत जाय. भाऊ, तुमी पेटी उचला." तिचा हात भरला तर ही सपरी आपल्याला बंद, आणि ही बंद झाली की आसपासच्या गावांतली मोठी घरंही बंद, हे त्याने वेगळं सांगायची गरज नव्हती. माझं लग्न त्याच घरांच्या भरवशावर ठरलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "पेटी खोल."

तिचा हात दाबून मऊ केलात आणि एकेक बांगडी चढवलीत. एकही फुटली नाही. ती रडत नव्हती, आई रडत होती. शेवटी ती नेहमीसारखी वाकली. इतक्या वर्षांचा तोंडात बसलेला आशीर्वाद, तो आता द्यायचा कसा? मग तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "तू सुखी राह्य बाई," एवढंच म्हणालात.

मला तुमचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू. फाट्यापर्यंत मी तुमच्या पुढे पुढे चालत राहिले. तुम्हीच म्हणालात, "बेटी, उसने हाथ आगे किया था. मैं क्या करता?" काकाने शब्द खरा केला. मोठी घरं एकेक करून बंद झाली आणि माझं लग्न पुढे ढकललं गेलं. पुढच्या फेरीला आपण थेट विहाराच्या ओट्यावर बसलो. मोहल्ल्यातल्या बायांनी चहा आणला, पेटीभोवती गोळा झाल्या. थोड्या वेळाने त्या मुलीची आई तिथे आली. जिचे हात भरल्याशिवाय गावात पेटी पुढे सरकत नसे, ती सगळ्या बायांच्या मागे, उन्हात, आपली पाळी येईपर्यंत बसून राहिली. तुम्ही तिला पुढे बोलावलं नाहीत, आणि तिनेही तशी अपेक्षा केली नाही. शिक्षकाला मी हे सगळं सांगितलं. तो हो हो म्हणाला, पण लिहून घेतलं की नाही कोण जाणे.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही. तुम्ही आता नाही आहात, हे पत्र कुठल्या टपालाच्या डब्यात पडणार नाही, तेव्हा तुम्हाला सांगून टाकते. तुमचे जावई गेले, त्याला आता वर्ष होईल. मय्यत उठायच्या आधी, कुणी काही म्हणायच्याही आधी, मीच न्हाणीत जाऊन बांगड्या काढून आले. सून म्हणाली, "अम्मी, राहू द्या ना, आता कोण मानतं?" मी ऐकलं नाही. काल दुपारी तिच्या डब्यातल्या चार हिरव्या बांगड्या घालून पाहत होते. हात जाड झालाय, बोटांच्या पेरांशीच अडकल्या. भरून द्यायला सून शेजारच्या खोलीत होती. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, आणि गुपचूप बांगड्या डब्यात ठेवून दिल्या. अब्बा, त्या पोरीसारखा हात पुढे करणं मला अजून जमत नाही.